वाघ बारा झाले, पण बाहेरचा एक तरी आला का?

प्रश्न थोडक्यात असा होता. आमच्या जवळच्या अभयारण्यात आधी दोन-तीनच वाघ होते, आता बारा झालेत, पर्यटक येतायत, गावातल्या पोरांना जिप्सीवर काम मिळालंय. तरी एका कार्यक्रमात कोणीतरी म्हणालं की या वाघांना इनब्रीडिंगचा, म्हणजे जवळच्या नात्यातच पिल्लं होत राहण्याचा, धोका आहे. संख्या वाढतेय तर धोका कसला? आणि असलाच तर ताडोबात वाघ जास्त झालेत, तिथून दोन आणून सोडले की मिटलं ना?

चांगला प्रश्न आहे, आणि बावीस वर्षं जंगलातून वाघ-बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यातल्या डीएनएवरून कोण कोणाचं कोण हे शोधायचं काम केल्यामुळे मला यावर बरंच सांगायचंय, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

बोकडापासून सुरू करतो. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. दोन-अडीच वर्षं झाली की बोकड बदलायचा, कारण तोवर त्याच्याच पाटी, म्हणजे मुली, वयात येतात, आणि तोच बोकड त्यांना लागत राहिला की करडं बारकी निघतात, मरतुक वाढते, गाभण राहायचं प्रमाण घटतं. मग माणूस बाजारातून किंवा लांबच्या गावातून दुसरा बोकड आणतो. कळपात शेळ्या वीस आहेत की पन्नास, याने त्या नियमात काही फरक पडत नाही. आता तुमच्या अभयारण्याचा विचार करा, चारी बाजूंनी शेती, एका अंगाला चौपदरी रस्ता, दुसरीकडे कालवा, आणि आत दोन नर. तिथला बोकड कोण बदलणार?

आत शरीरात काय होतं ते सोप्या भाषेत सांगतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बापाकडून. बहुतेक सगळ्या प्राण्यांच्या, आपल्यासुद्धा, अंगात काही बिघडलेल्या प्रती असतात, पण दुसरी प्रत ठीक असली की काम चालून जातं. आई आणि बाप जवळच्या नात्यातले असले की दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, आणि पिल्लाला दोन्हीकडून तीच मिळते. मग कुठे हृदयात दोष, कुठे वीर्यात दोष, कुठे रोगाला तोंड द्यायची ताकद कमी. एकाच पिढीत सगळं कोसळत नाही, हळूहळू होतं, आणि त्यामुळेच ते लक्षात येत नाही.

आता तुमच्या बारा वाघांचा हिशेब करू. बारा म्हणजे त्यात अर्धवट वयाचे, म्हातारे सगळे आले. पिल्लं काढणारे किती? समजा दोन नर आणि पाच माद्या. यासाठी एक साधं सूत्र आहे, नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. म्हणजे २ गुणिले ५ गुणिले ४ बरोबर ४०, भागिले ७, आलं ५.७. जनुकांच्या हिशेबाने तुमच्याकडे बारा नाही, सहाच्याही आत वाघ आहेत. आणि एकच नर सगळ्या माद्या राखून बसला असेल, तर १ गुणिले ६ गुणिले ४ भागिले ७, साडेतीनच्याही खाली. या आकड्याला आम्ही इफेक्टिव्ह साइज म्हणतो. ५.७ असेल तर दर पिढीला जनुकांतली साधारण ९ टक्के विविधता गळते. वाघाची पिढी पाचेक वर्षांची धरली तर पंचवीस वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली, आणि या सगळ्या काळात बोर्डावरचा आकडा बाराच्या बारा, किंवा पंधरासुद्धा झालेला असू शकतो! एकदा गेलेली विविधता संख्या वाढली म्हणून परत येत नाही, ती फक्त बाहेरून येते.

हे नुसतं कागदावरचं वाटत असेल तर उमरेड-कऱ्हांडल्याचा जय हा वाघ आठवा. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून चालत आला, मध्ये वैनगंगा, हायवे, शेती, सगळं पार करून, आणि तिथे असा जम बसवला की पुढची दोन-तीन वर्षं तिकडे जे बछडे झाले त्यातले बहुतेक त्याचेच. एप्रिल २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. लोक त्याच्या रुबाबावर बोलतात, मला त्याच्यात दोन गोष्टी दिसतात. एक, बाहेरून आलेला एक नर किती फरक पाडतो. आणि दोन, पुढच्या पिढीतले बहुतेक सगळे एकाच बापाचे झाले की त्यांच्यासाठी परत कोणीतरी बाहेरचाच यावा लागतो. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या करंटने मेला. म्हणजे जो बाहेर पडून दुसरीकडे रक्त नेऊ शकत होता तो वाटेतच गेला, आणि अशी जनावरं बहुतेक वाटेतच जातात.

आता काळ्या वाघांबद्दल, कारण लोकांना वाटतं की ही काहीतरी खास देणगी आहे. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये अंगभर काळे पट्टे पसरलेले वाघ आहेत, पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले की लांबून काळाच दिसतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये याचं कारण शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या जनुकातला एक बदल आहे, तो दोन्हीकडून मिळाला की वाघ असा दिसतो (याच जनुकातल्या वेगळ्या बदलामुळे पाळीव मांजरांत पट्ट्यांऐवजी मोठे डाग येतात आणि चित्त्यांत किंग चित्ता होतो). सिमिलिपालमध्ये तेव्हा ३७ टक्के वाघ असे होते, आणि भारतातल्या इतर जंगलांतून तपासलेल्या वाघांत हा बदल सापडलाच नाही. रंग बदलल्याने त्या वाघाला काही त्रास होतो असं नाही. पण जी गोष्ट बाकी देशात जवळजवळ नाही ती एका जंगलात तीनातल्या एकाला आहे, म्हणजे ते जंगल किती कमी पूर्वजांपासून वाढलंय आणि बाहेरून कोणी कसं येत नाही हे डोळ्यांना दिसणारं चिन्ह आहे. पट्ट्यातला बदल दिसतो, त्याच्याबरोबर हृदयातला, वीर्यातला, प्रतिकारशक्तीतला कोणता बदल तितकाच पसरलाय तो दिसत नाही. म्हणून काळ्या वाघाचा फोटो बघितला की मला आनंदाच्या आधी काळजी वाटते.

याच गटाने त्याच वर्षी रणथंबोरच्या वाघांचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून मध्य भारतातल्या आणि दक्षिणेतल्या वाघांशी ताडून बघितले. रणथंबोरचे वाघ संख्येने वाढलेले, फोटोत देखणे, पण जीनोममध्ये लांबच लांब पट्टे असे की आईकडची आणि बापाकडची प्रत अगदी सारखी, म्हणजे दोघांचे पूर्वज तेच. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जे फार घातक बदल आहेत ते अशा छोट्या जंगलात काही प्रमाणात निघून जातात, कारण ते दोन्हीकडून आलेलं पिल्लू जगतच नाही. काही जण हे ऐकून म्हणतात, बघा, निसर्ग आपोआप साफसफाई करतो. पण मध्यम त्रासाचे बदल तसेच राहतात आणि वाढत जातात. घरात मोठं कर्ज असलं की सगळ्यांच्या लक्षात असतं, फेडायची धावपळ होते, किराणा दुकानाची वही मात्र भरत जाते आणि कोणी बघत नाही, तसं ते आहे.

हेच गीरच्या सिंहांचं. २०२५ च्या गणतीत ८९१ सिंह, आकडा मोठा आहे आणि त्यामागे गुजरातच्या लोकांचे आणि वनखात्याचे कष्ट आहेत, ते मान्यच. पण हे सगळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उरलेल्या मोजक्या सिंहांचे वंशज आहेत, आणि सगळे एकाच टापूत. २०१८ मध्ये दलखाणिया रेंजमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांत आढळणारा विषाणूचा रोग निघाला. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला न्यायला सांगितलं होतं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत एवढं तर आपल्याला बाजारात जातानाही कळतं.

आता तुमचा दुसरा भाग, आणून सोडले की मिटलं का. मिटतं, पण किती आणि किती दिवस, हे दोन ठिकाणांवरून समजतं.

पहिलं अमेरिकेतलं फ्लोरिडा. तिथला पँथर, म्हणजे प्युमा ही मोठी रानमांजरच, १९९० च्या सुमाराला वीस-तीसवर आला होता. शेपटीच्या टोकाला पीळ, पाठीवर केसांचा भोवरा, नरांचे वृषण खाली न उतरणं, हृदयाच्या पडद्याला भोक, हे सगळं तिथे दिसत होतं. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या, फक्त आठ! त्यातल्या पाच जणींना पिल्लं झाली. पुढच्या पिढीत शेपटीचा पीळ कमी झाला, पिल्लं जास्त जगायला लागली, दहा-बारा वर्षांत संख्या तिपटीच्या आसपास गेली. आणलेल्या माद्यांतल्या उरलेल्या २००३ पर्यंत काढूनही घेतल्या, म्हणजे टेक्साससारखंच सगळं होऊन जाऊ नये. आमच्या क्षेत्रात हे उदाहरण कायम दिलं जातं आणि ते खरंच तसं आहे.

दुसरं आइल रॉयल, अमेरिकेतल्याच लेक सुपीरियर या मोठ्या तळ्यातलं बेट. तिथे १९४० च्या दशकाच्या शेवटी लांडगे बर्फावरून चालत आले, १९८० मध्ये पन्नास झाले, मग पार्वोव्हायरसने दोन वर्षांत चौदावर आले. १९९७ मध्ये बर्फावरून एक बाहेरचा नर आला, आणि तो इतका जोरात होता की दहा-बारा वर्षांत बेटावरच्या लांडग्यांतलं निम्म्याहून जास्त रक्त त्याचंच झालं. म्हणजे ज्याने वाचवलं त्याचीच मुलं-नातवंडं आपापसात जोड्या करायला लागली. पाठीच्या मणक्यात दोष असलेले लांडगे निघाले, आणि २०१६ पर्यंत उरले फक्त दोन, एक नर आणि एक मादी, बाप आणि लेक, आणि वर एकाच आईची पिल्लं. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. मधल्या काळात झालं काय तर हिवाळे सौम्य झाले, बर्फाचा पूल वरचेवर तयार होईना, त्यामुळे दुसरा बाहेरचा आलाच नाही.

हे दोन्ही शेजारी ठेवा. एकदा आणलं आणि विसरलं असं चालत नाही. पिढीला किमान एक तरी बाहेरचा येऊन पिल्लं काढून गेला पाहिजे असा ढोबळ नियम आहे, नुसता येऊन फिरून गेला तर उपयोग नाही, आणि प्रत्यक्षात एकापेक्षा जास्त लागतात कारण आलेल्यांतले सगळे टिकत नाहीत. दर पाच वर्षांनी, कायम. हे काम ट्रकने करायचं ठरवलं तर प्रत्येक वेळी बेशुद्ध करणं, पिंजरा, कॉलर, डॉक्टर, परवानग्या, आणि जिथे सोडणार तिथल्या गावांची समजूत. तोच वाघ स्वतः चालत आला तर यातलं काहीच लागत नाही.

आणि वाघ चालतात. टिपेश्वर आठवा, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं यवतमाळमधलं अभयारण्य. तिथल्या एका तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली, पुढे लोकांनी त्याला वॉकर नाव दिलं. तो तेलंगणातल्या आदिलाबादकडे गेला, पैनगंगेच्या काठाने परत आला, शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर चालला आणि वाटेत माणसांशी जवळजवळ भांडण नाही. तो बहुतेक रात्री चालायचा, दिवसा नाल्यातल्या झाडीत नाहीतर उभ्या पिकात पडून राहायचा. २०२१ मध्ये एक वाघ गौताळ्याला, थेट मराठवाड्यात आला. नंतर टिपेश्वरचाच एक धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात पोचला. म्हणजे वाट अजून पूर्ण मेलेली नाहीये, आपल्या नकाशात जिथे नुसती शेती आहे तिथेही वाघाच्या नकाशात नाले आणि झुडपी जंगल आहे.

पण या गोष्टीत एक दुखरी जागा आहे. वॉकरला ज्ञानगंगेत भक्ष्य मिळालं, पाणी मिळालं, वाघीण मिळाली नाही. लांब जातात ते बहुतेक नर. वाघीण आईच्या टेरिटरीला लागूनच आपली जागा बघते. त्यामुळे जिथे आधीच माद्या आहेत तिथे चालत आलेला नर बोकड बदलायचं काम चोख करतो, पण जिथे मादीच नाही तिथे नर किती जरी आले तरी घर बसत नाही. इथेच ट्रकची खरी गरज लागते, आणि तीही मादीसाठी.

सह्याद्री हे त्याचं ताजं उदाहरण. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, हजार चौरस किलोमीटरच्या वर, जंगल चांगलं, गावं हललेली, तरी वर्षानुवर्षं वाघ नाही. मग दक्षिणेकडून, कर्नाटकातल्या काळी आणि गोव्यातल्या म्हादईच्या बाजूने तिलारी, राधानगरी असं करत नर यायला लागले. मादी काही येईना. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडायला सुरुवात केली. मला विचाराल तर हे बरोबर केलं. ताडोबाची वाघीण आणि पश्चिम घाटातला नर, यांची पिल्लं कशी होतील अशी शंका काही जणांना आहे. एकाच जातीचे, गुणसूत्रांत फरक नाही, आणि पाचशे वर्षांहून जास्त काळ तुटलेले नाहीत, एवढं जमलं तर संकरातून नुकसान व्हायचा धोका कमी असतो असा आमच्याकडे मान्य झालेला ठोकताळा आहे, आणि भारतातली बहुतेक जंगलं तुटली ती इंग्रज काळात आणि त्यानंतर. माझी काळजी वेगळीच आहे. तिलारीची वाट. जानेवारी २०२० मध्ये म्हादईत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले, अख्खं कुटुंब. त्याच वर्षी दोडामार्गात तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ते चांगलं झालं, पण ते जेमतेम तीस चौरस किलोमीटर आहे आणि आजूबाजूला रबराच्या लागवडी आणि खाणींचा दबाव आहे. ती वाट बंद पडली तर सह्याद्रीत आणलेल्या वाघिणींची पिल्लं पंचवीस वर्षांत आपापसातच जोड्या करतील, आणि मग परत ट्रक.

आणायचेच असतील तर कोणते आणायचे, यात फार चुका होतात. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ पर्यंत वाघ संपले. २००८ पासून रणथंबोरहून आणले, आणि नंतर डीएनए बघितल्यावर सुरुवातीचे जवळच्या नात्यातले निघाले. पहिले बछडे दिसायला २०१२ उजाडलं. मध्य प्रदेशातल्या पन्नाचंही तसंच, २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, पण तिथे बांधवगड, कान्हा आणि पेंच अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून आणले. पेंचचा नर तर परत घराकडे निघाला होता, कित्येक दिवस हत्तीवरून त्याच्या मागे फिरून पुन्हा पन्नात आणला. एप्रिल २०१० मध्ये बछडे झाले आणि आज तिथे पन्नासच्या वर वाघ आहेत. सगळा फरक नात्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही, सरिस्कात गावांचा आणि रस्त्याचा त्रास फार होता. पण हलवण्याच्या आधी नातं तपासायला काही हजार रुपये आणि थोडे आठवडे लागतात, ते वाचवण्यात काही अर्थ नाही. सिमिलिपालला २०२४ च्या शेवटी ताडोबातून जमुना आणि झीनत नेल्या, ते याच हिशेबाने, वेगळं रक्त मिळावं म्हणून. झीनत डिसेंबरमध्ये झारखंड, मग बंगालमध्ये बांकुड्यापर्यंत गेली, आणि तिला पकडून परत आणावं लागलं. नेलेला वाघ तिथे राहीलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

नातं तपासतात कसं, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगतो. वाघाला हात लावावा लागत नाही. पहाटे जंगलातल्या कच्च्या रस्त्याने चालत जायचं, रस्त्याच्या मधल्या गवताच्या पट्टीवर नाहीतर दोन वाटा मिळतात तिथे विष्ठा मिळते. आत चितळाचे केस, कधी रानडुकराच्या पिल्लाचं नख असतं, पण आपल्याला आतलं नको, वरचा चकाकणारा ओलसर थर पाहिजे, कारण वाघाच्या आतड्याच्या पेशी त्याच्यावर असतात. हातमोजे, दर नमुन्याला नवी आइस्क्रीमची काडी, ट्यूबमध्ये अल्कोहोल, आणि चिठ्ठीवर पेन्सिलने लिहायचं, पेनने नाही, कारण अल्कोहोल सांडलं की शाई धुऊन जाते. दोन दिवस ऊन खाल्लेली विष्ठा असेल तर डीएनए तुटलेला असतो, पावसात भिजलेली तर सोडूनच द्यायची. मग लॅबमध्ये ठरावीक दहा-बारा जागा वाचल्या की कोणता वाघ, नर की मादी आणि कोणाच्या नात्यातला ते समजतं. एकदा एका लॅबने फ्रीजर बंद पडलेला आठवडाभर कळवलाच नाही, आणि आमचा एक अख्खा हंगाम, दोनशेच्या वर नमुने, गेला. त्यात एका छोट्या जंगलातल्या दोन वाघिणींचे नमुने होते, त्या पुढच्या वर्षी दिसल्याच नाहीत. त्या कोणाच्या होत्या हे आता कधीच समजणार नाही, आणि ते मला अजून लागतं.

एक सावधगिरीही सांगायला पाहिजे, की सगळीकडे जनुकांचंच औषध चालत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याचं बघा. पक्षी इतके कमी झालेत की विविधता राहिलीच कुठे, पण त्यांना मारणारी पहिली गोष्ट आहे विजेच्या तारा आणि नाहीशी झालेली माळरानं. जैसलमेरकडे पिंजऱ्यात अंडी उबवून पिल्लं वाढवतायत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं, फार मोलाचं काम आहे. पण ते पिल्लू मोठं होऊन ज्या माळावर सोडणार तिथे तारा तशाच असतील तर नातं कितीही लांबचं असो. आधी मरण थांबवायचं, मग विविधता बघायची, हा क्रम चुकवू नये.

आता तुमच्या अभयारण्याबद्दल काय करायचं. पहिली मागणी ट्रकची करू नका. पहिलं विचारा की गेल्या दहा वर्षांत इथे बाहेरून आलेला एक तरी वाघ ट्रॅप कॅमेऱ्यात सापडला का, आणि त्याची पिल्लं झाली का. पट्ट्यांवरून ते जुळवता येतं, रेकॉर्ड असतं. सापडला असेल तर तो कोणत्या बाजूने आला ते शोधा आणि ती वाट धरून ठेवा, तिथे कोणता रस्ता रुंद होणार आहे, कोणता कालवा सिमेंटचा होणार आहे, कुठे सोलरची जाळी लागणार आहे, यावर लक्ष ठेवा. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी हायवेचं, आताच्या एनएच ४४ चं, असंच कोर्टात गेलं, बरीच वर्षं भांडण चाललं, आणि शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांसाठी खालून नऊ मोकळ्या वाटा सोडून रस्ता वर उचलला, त्यातली सगळ्यात मोठी ७५० मीटर. २०१९ मध्ये कॅमेरे लावून बघितलं तर अठरा जातींची जंगली जनावरं खालून जात होती आणि त्यात अकरा वेगवेगळे वाघ होते. मी त्या पुलाखाली एकदा दुपारी उभा होतो. वरून ट्रकचा धडधड आवाज, खाली थंड सावली, आणि मऊ मातीत सकाळचे ताजे ठसे, चितळांच्या खुरांच्या गर्दीतून एकच मोठी रांग सरळ पलीकडे गेलेली. ज्यांनी त्या पुलासाठी तारखा धरल्या त्या सगळ्यांना ती रांग दाखवावी असं वाटलं.

वाट आहे पण मादी नाही, किंवा वाट पूर्णच तुटलीये आणि परत जोडायला वीस वर्षं लागणार, तर मग आणायची मागणी करा, पण त्याच अर्जात तीन गोष्टी लिहा: आणायच्या वाघाचं इथल्या वाघांशी नातं आधी तपासा, एकदाच न आणता पुढच्या पिढ्यांचाही आराखडा द्या, आणि वाट जोडायचं काम त्याच वर्षी सुरू करा.

तोवर तुम्ही आणि तुमची जिप्सीवाली पोरं आजपासून करू शकता असं एक काम आहे. रस्त्यावर, कालव्याच्या काठाला, रेल्वेलाइनवर कोणतंही जंगली जनावर मेलेलं किंवा ओलांडताना दिसलं, वाघच पाहिजे असं नाही, सांबर, रानकुत्रा, अस्वल काहीही, तर जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा. किलोमीटरचा दगड किंवा मोरीचा नंबर सांगितला तर फार बरं. जिवंत वाघाची जागा मात्र ग्रुपवर टाकू नका, ती वनरक्षकाला सांगा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी एका वहीत असल्या की कोणत्या मोरीखालून जनावरं जातात ते समजतं, आणि उद्या रस्ता रुंद करायची सुनावणी लागली की तीच वही घेऊन जायची.